दोन तारांवर २४ व्होल्ट एसी आणि डेटा एकत्र : कॅरियर बरा की झीरो क्रॉसिंगची खाच?

ओलीतवाला (धागाकर्ता)

मांडणी अशी आहे. २४ व्होल्ट, १०० व्हीएचा साधा ईआय गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, ५० हर्ट्झ. तिथून १.५ चौरस मिमीची दोन कोरची केबल जमिनीखालून १४० मीटर गेली आहे. वाटेत आठ चेंबर, प्रत्येकात २४ व्होल्ट एसीचा एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह. पॉवर दिली की आठही एकदम उघडतात.

हवंय ते इतकंच : प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळा चालू-बंद करता यावा आणि प्रत्येक चेंबरमधून मातीच्या ओलाव्याचा एक आकडा दर दहा मिनिटांनी परत यावा. नवी केबल टाकणं शक्य नाही. वायरलेस कृपया सुचवू नका. चेंबर जमिनीत आहेत आणि झाकणं लोखंडी.

१३२.५ किलोहर्ट्झचे कॅरियर मोडेम (पॉवरच्याच तारांवर वरच्या फ्रिक्वेन्सीची लहर सोडून तिच्यावर डेटा नेणारे) डोक्यात आहेत. २३० व्होल्टवर चालतात तर २४ वर आणखी सोपे पडावेत, असं वाटतंय. जाणकारांनी मत द्यावं.

---

चोक_बसला

व्होल्टेज कमी म्हणजे सिग्नलला सोपं, असं होत नाही. सिग्नलला व्होल्टेजशी देणंघेणं नाही, लाइनच्या इम्पिडन्सशी (एसीला होणाऱ्या विरोधाशी) आहे. २४ व्होल्टवर तेवढीच पॉवर न्यायला करंट जवळपास दसपट लागतो, म्हणजे लोडचा इम्पिडन्स त्याच्या वर्गाच्या मानाने, जवळपास शंभरपट खाली. सिग्नल तिथेच बसतो.

तुमचेच आकडे घ्या. दोन तारांच्या केबलचा इंडक्टन्स मीटरला साधारण ०.६५ मायक्रोहेन्री. १४० मीटरला ९० मायक्रोहेन्री झाले. १३२.५ किलोहर्ट्झला त्याचे ७५ ओहम होतात. तांब्याचा रेझिस्टन्स मात्र जाऊन-येऊन ३.२ ओहमच. म्हणजे कॅरियरच्या दृष्टीने तुमची केबल एक लांबलचक चोक (वरच्या फ्रिक्वेन्सीला अडवणारी कॉइल) आहे. आता शेवटच्या नोडवर (चेंबरमधल्या सर्किटवर) कोणी ब्रिजच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या) आधी १०० नॅनोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर टाकला, तर तो १२ ओहम. वर ७५ (इंडक्टिव्ह), खाली १२ (कपॅसिटिव्ह), एकमेकांतून वजा होऊन ६३ : सिग्नलचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागतो. असे आठ नोड असले की विचारूच नका.

तरी कॅरियरच करायचा असेल तर पथ्यं ही :

प्रत्येक नोडच्या पॉवर इनपुटला सिरीजमध्ये ४७० मायक्रोहेन्रीचा चोक (१३२.५ किलोहर्ट्झला ३९० ओहम, ५० हर्ट्झला नगण्य). व्हॉल्व्हची कॉइलही त्या चोकच्या मागेच घ्या. चोकचा सॅच्युरेशन करंट सरासरीवरून निवडू नका. ब्रिज आणि कपॅसिटर असला की करंट शिखरावर तुकड्यातुकड्याने ओढला जातो आणि शिखर सरासरीच्या कितीतरी पट असतं. चोक सॅच्युरेट झाला की नेमका तेवढा वेळ सिग्नल गायब.

ट्रान्सफॉर्मरच्या बाजूलाही २२० मायक्रोहेन्री. त्याला ५ अँपिअर झेपले पाहिजेत, म्हणून तो हाताने गुंडाळावा लागेल.

मोडेम आणि लाइनच्या मध्ये १:१ चा छोटा फेराइट ट्रान्सफॉर्मर आणि १०० नॅनोफॅरड, १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर. ५० हर्ट्झला त्याच्यातून पाऊण मिलिअँपिअर जातो, म्हणून फेराइट सुखरूप. सिरॅमिक नको, लागलेल्या व्होल्टेजप्रमाणे त्याचा कपॅसिटन्स खाली येतो आणि ट्यूनिंग हलतं.

चिप म्हणाल तर टीडीए५०५१ए या कामाला नीट बसते. ५ व्होल्ट, एएसके (कॅरियर चालू-बंद करून बिट पाठवणं), जास्तीत जास्त १२०० बॉड, ८.४८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की ६४ ने भागून १३२.५ किलोहर्ट्झ. एलएम५६७ (ठरावीक टोन ओळखणारी चिप) वापरून रिसीव्हर करता येतो, पण दुसऱ्या कोणाचा आवाज त्याच्या पट्ट्यात आला की तो खुशाल लॉक होतो.

---

शून्यपार

चोकरावांचं गणित बरोबर आहे. पण १२०० बॉड लागतात कोणाला? आठ व्हॉल्व्ह म्हणजे आठ बिट. १०० बिट प्रति सेकंदात हे काम आरामात होतं, आणि त्यासाठी कॅरियरच लागत नाही. ५० हर्ट्झची लहरच घड्याळ म्हणून वापरा.

मास्टरने (ट्रान्सफॉर्मरपाशी बसणाऱ्या कंट्रोलरने) प्रत्येक झीरो क्रॉसिंगनंतर (व्होल्टेज शून्यातून जातं त्या क्षणानंतर) ठरवायचं : लहर सरळ जाऊ द्यायची (बिट ०) की पहिले १.५ मिलिसेकंद लाइन शून्यावर धरायची (बिट १). ही झाली खाच. त्या १.५ मिलिसेकंदात अर्ध्या सायकलची जेमतेम २ टक्के ऊर्जा असते, कारण व्होल्टेजच तिथे कमी असतं. ब्रिज-कपॅसिटरच्या लोडला तर पत्ताही लागत नाही; त्याचे डायोड त्या वेळी तसेही बंद असतात.

नोडवर ब्रिजच्या आउटपुटला २२ के आणि १० के चा डिव्हायडर, पिनवर ५ व्होल्टला क्लॅम्प डायोड, मायक्रोकंट्रोलरचा कम्पॅरेटर आणि १.१ व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स. ब्रिजचे दोन डायोड धरून लाइनवर साधारण ५ व्होल्टची पातळी होते. लाइन या पातळीखाली किती वेळ राहिली ते टायमरने मोजा.

२४ व्होल्ट असताना : खाच नसेल तर ०.९२, असेल तर १.९६ मिलिसेकंद.
लाइन १८ व्होल्टपर्यंत बसली : १.२३ आणि २.१२.
लोड नसताना २८ पर्यंत चढली : ०.७९ आणि १.८९.

सीमा १.५५ ला ठेवा. तिन्ही ओळी पाहा, दोन्ही बाजूंना जागा राहते. एवढी ढील कॅरियरमध्ये मिळत नाही. आणि केबलचे ते ९० मायक्रोहेन्री इथे कोणी विचारात घेत नाही, कारण सगळा खेळ मिलिसेकंदांचा आहे.

---

तिसरीतार

एसीचा मोह सोडला तर? मास्टरवर रेक्टिफाय करा, एच-ब्रिजने पोलॅरिटी उलटसुलट करत लाइनवर सोडा. मॉडेल रेल्वेचं डीसीसी (रुळांतूनच पॉवर आणि आदेश देणारी पद्धत) हेच करतं. अर्धा बिट ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर १, १०० चा असेल तर ०. पॉवरही तीच, डेटाही तोच, आणि वेग हजारांत. नोडवर ब्रिज लावला की पोलॅरिटीची कटकट नाही.

---

शून्यपार

पद्धत सुंदर आहे आणि कोऱ्या पाटीवर मीही तीच घेईन. पण इथे व्हॉल्व्ह एसीचे आहेत. त्या कॉइलला ५० हर्ट्झवर करंट आवरतो तो मुख्यतः इंडक्टन्स. डीसी दिलात की उरतो फक्त तांब्याचा रेझिस्टन्स, समजा ३० ओहम. २४ व्होल्ट डीसीला ०.८ अँपिअर, १९ वॉट. कॉइल भाजून निघते. उलट ५ ते ८ किलोहर्ट्झची चौकोनी लहर थेट कॉइलला दिली तर इंडक्टन्स इतका आडवा येतो की व्हॉल्व्ह उचलणारच नाही.

म्हणजे प्रत्येक नोडवर रेक्टिफाय करून पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज उतरवणं) आलं : आधी पाव सेकंद पूर्ण व्होल्टेज, मग धरून ठेवायला साधारण तिसरा हिस्सा. होतं, पण आठही नोडवर मॉस्फेट, फ्रीव्हील डायोड, फर्मवेअर. खाचेच्या पद्धतीत व्हॉल्व्हला त्याचा नेहमीचा एसीच मिळतो.

---

कंडेन्सरकाका

चर्चा छान चालली आहे, पण पॉवर सप्लायकडे कोणी बघत नाही म्हणून मध्ये बोलतो.

२४ व्होल्ट एसीचं शिखर ३४. ट्रान्सफॉर्मर मोकळा असताना २८ मिळाले तर शिखर ४० च्या घरात. ३५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक इथे टिकणार नाही, ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरची इनपुट मर्यादा ३५ आहे, आणि साध्या एलएम२५९६ या बकची (व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग रेग्युलेटरची) ४०. तिन्ही दुकानात पहिल्यांदा हाताला लागतात आणि तिन्ही इथे चुकीचे. ६३ व्होल्टचा कपॅसिटर आणि ६० व्होल्ट झेपणारा बक (एलएम२५९६एचव्ही) घ्या.

ब्रिज आणि मोठ्या कपॅसिटरच्या मध्ये आणखी एक डायोड हवाच. नाहीतर शून्यपार म्हणतात तो डिव्हायडर थेट कपॅसिटरला लागेल आणि झीरो क्रॉसिंग दिसणारच नाही. डिव्हायडर डायोडच्या अलीकडे, कपॅसिटर पलीकडे.

आणि ही सगळ्यांत महागडी खोड : ब्रिजचं मायनस म्हणजे लाइनची कुठलीच तार नव्हे. दोन नोडची ग्राउंड एकमेकांना जोडलीत (ओलाव्याच्या सेन्सरची सामाईक तार, नाहीतर एकाच लॅपटॉपला लावलेल्या दोन यूएसबी) तर फार काही दिसत नाही, कारण दोघंही लाइनच्या त्याच दोन तारांवर आहेत. पण एक नोड ब्रिजचा आणि दुसरा एका डायोडचा हाफ-वेव्ह असेल, आणि त्यांची ग्राउंड जोडली, की ब्रिजचा एक डायोड थेट ट्रान्सफॉर्मरवर आडवा पडतो. सेकंडरीचं एक टोक अर्थ केलेलं असताना स्कोपची क्लिप ब्रिजच्या मायनसला लावली तरी तेच. डायोड जातो किंवा स्कोपच्या प्रोबची तार वितळते. एक तर सगळे ब्रिज, नाही तर सगळे हाफ-वेव्ह. मिसळ नको.

---

ओलीतवाला (धागाकर्ता)

धन्यवाद मंडळी. काका, हा मुद्दा कळीचा आहे. सेकंडरी कुठेही अर्थ केलेली नाही, तशीच तरंगती ठेवतो.

खाचेची कल्पना पटली. दोन शंका. मास्टरवर ट्रायक (एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालेल का? आणि ओलाव्याचा आकडा उलट दिशेने कसा यायचा? नोड तर खाच पाडू शकत नाही.

---

शून्यपार

ट्रायक नाही. ट्रायक बंद होतो तो करंट शून्यावर आल्यावर, व्होल्टेज नव्हे. कॉइलमुळे करंट मागे रेंगाळतो, त्यामुळे खाच हवी तिथे पडत नाही. शिवाय सगळे व्हॉल्व्ह बंद असताना लाइनवर इतका कमी करंट असतो की ट्रायक धरूनच राहत नाही.

मास्टरवर मॉस्फेटच्या दोन जोड्या लागतील. प्रत्येक जोडीत १०० व्होल्टचे दोन मॉस्फेट, सोर्सला सोर्स जोडून, म्हणजे दोन्ही दिशांना अडवता येईल. एक जोडी लाइनच्या सिरीजमध्ये, दुसरी लाइनच्या दोन तारांमध्ये आडवी. खाच पाडायची तेव्हा सिरीज बंद, २० मायक्रोसेकंद थांबा, आडवी चालू. खाच संपताना उलट क्रम.

आडवी जोडी चैनीसाठी नाही. व्होल्टेज शून्य असतं तेव्हा कॉइलमधला करंट शून्य नसतो. सिरीज जोडी उघडलीत आणि करंटला वाट दिली नाहीत, तर तो जिथे जागा मिळेल तिथे ठिणगी काढेल. आडवी जोडी त्याला वळसा देते आणि लाइनही खरोखर शून्यावर खेचते. मधल्या २० मायक्रोसेकंदांसाठी लाइनवर एसएमबीजे४८सीए (टीव्हीएस, जास्तीचं व्होल्टेज गिळणारा डायोड), ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला आणखी एक. सेकंडरीला ५ अँपिअरचा फ्यूज, कारण सिरीज जोडी शॉर्ट होऊन मेली तर पुढच्या खाचेला ट्रान्सफॉर्मर सरळ शॉर्ट होतो.

मॉस्फेटच्या गेट ड्राइव्हला टीएलपी२५० (ऑप्टो ड्रायव्हर) आणि प्रत्येक जोडीला आपला वेगळा १२ व्होल्टचा आयसोलेटेड सप्लाय. फोटोव्होल्टाइक प्रकारचे ऑप्टो ड्रायव्हर सोपे दिसतात, पण मोठ्या गेटला चार्ज करता करता खाच निघून जाते.

उलट दिशेचं : नोडने व्होल्टेज नाही, करंट हलवायचा. लहर शिखराजवळ असताना १ मिलिसेकंद १५० ओहमचा रेझिस्टर लाइनवर आडवा टाका. साधारण ०.२३ अँपिअर वाढतो. मास्टरवर ०.२२ ओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) ठेवला तर ५० मिलिव्होल्टची उडी. व्हॉल्व्ह चालू असतील तर मूळ करंट याच्या कितीतरी पट असेल, म्हणून सरळ मोजू नका. २० मिलिसेकंद आधीच्या, त्याच कोनावरच्या नमुन्यातून वजा करा. व्हॉल्व्हचा करंट सायकलमागून सायकल तसाच राहतो, उरते ती फक्त नोडची टाप. व्हॉल्व्ह नुकताच उघडला-मिटला असेल तर तेवढी सेकंदभर थांबा.

प्रत्येक बिट लागोपाठ दोन अर्ध्या सायकलींत पाठवा, धन आणि ऋण. वेग ५० बिट होतो, पण लाइनवर डीसी बसत नाही. पत्ता ४ बिट, आकडा १६, सीआरसी (चूक पकडायचे बिट) ८ : २८ बिट, ०.५६ सेकंद. आठ नोडचं पाच सेकंदांत आटोपतं. १५० ओहमला शिखरावर ७.७ वॉट दिसतात, पण दहातला एकच मिलिसेकंद. २ वॉटचा वायरवाउंड पुरे.

---

चोक_बसला

+१. आठ व्हॉल्व्हसाठी माझा कॅरियर म्हणजे उगाच थाट, हे मान्य. एक भर घालतो : मास्टरचा मोठा ट्रान्सफॉर्मर टोरॉइड (कड्यासारख्या अखंड गाभ्याचा) असता तर पुढे जाणाऱ्या बिटांनाही हीच धन-ऋण जोडी करावी लागली असती. सगळ्या खाचा एकाच बाजूला पडल्या तर लाइनवर अर्धा-पाऊण व्होल्ट डीसी राहतो. ईआय गाभ्यातल्या फटींमुळे त्याला ते पचतं. टोरॉइड गुरगुरायला लागतो.

---

दिवेलावा

थोडं अवांतर. १२ व्होल्ट एसीच्या बागेतल्या दिव्यांना हीच खाच चालेल का? केबल ३० मीटर, एलईडी दिवे, तीन गट वेगळे चालवायचे आहेत.

---

तिसरीतार

आधी १२ व्होल्ट कशातून येतात ते बघा. जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असेल तर हो. हलका, हॅलोजनसाठी मिळणारा 'इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर' असेल तर विसरा. त्याच्या आउटपुटला ५० हर्ट्झ नसतातच, दहा-वीस-तीस किलोहर्ट्झचे तुकडे असतात आणि त्यांना १०० हर्ट्झची घडी पडलेली असते. मल्टिमीटर त्यावर काहीही आकडा दाखवतो. झीरो क्रॉसिंग मोजणारा रिसीव्हर तिथे वेडा होतो आणि कॅरियर त्या गोंगाटात बुडतो.

१२ व्होल्टला शिखर १७ च. ५ व्होल्टची पातळी तिथे फार वर पडते. डिव्हायडर १० के आणि १० के करा आणि वेळा नव्याने काढा.

---

बारीक_तार

घरातल्या पॉवरलाइन इथरनेटचे अडॅप्टर या तारांवर लावून बघितले तर? सरळ नेटवर्कच मिळेल.

---

चोक_बसला

त्यांतले बरेचसे २ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. सप्लाय आणि कपलिंग वेगळं काढून २४ व्होल्टच्या तारांवर सोडता येतं, पण आठ नोड म्हणजे प्रत्येकी काही वॉट खाणारे आठ मोडेम आणि शॉर्टवेव्हचा अख्खा पट्टा पसरवणारी १४० मीटरची अँटेना. आठ बिटांसाठी! नको.

---

ओलीतवाला (धागाकर्ता)

नोडवर व्हॉल्व्ह चालवायला बीटी१३६ ट्रायक आणि एमओसी३०४१ (ट्रायकला ट्रिगर करणारे ऑप्टो) पडून आहेत. चालतील? आणि फ्रेम (एका संदेशातल्या बिटांची मांडणी) कशी बांधू?

---

शून्यपार

बीटी१३६ चालेल. एमओसी३०४१ नको. तो झीरो क्रॉसिंग पाहून ट्रिगर होणारा आहे. व्होल्टेज एका मर्यादेच्या वर असेल तर तो मुद्दाम चालू होत नाही. खाचेनंतर लाइन शून्यावरून एकदम १५ व्होल्टवर उडी मारते. काही नगांना ते चालतं, काही त्या अर्ध्या सायकलला दांडी मारतात, आणि डेटात १ जास्त असले की व्हॉल्व्ह थरथरतो. दोष शोधायला वैताग, कारण टेबलावर एका नगाने नीट चालतं. एमओसी३०२१ लावा, त्याला ही अट नाही. एलईडी पूर्ण वेळ चालू ठेवा, पल्स देऊ नका.

फ्रेम साधी ठेवा. व्हॉल्व्हसाठी नोडला वेगळा पत्ता बघायची गरजच नाही :

दहा १ (सिंक)
० आणि एक बाइट : आदेशाचा प्रकार, आणि बोलायची पाळी कोणत्या नोडची
० आणि एक बाइट : आठ व्हॉल्व्हचे आठ बिट
० आणि एक बाइट : सीआरसी

प्रत्येक बाइटच्या आधी ० असल्यामुळे डेटात कधीही आठपेक्षा जास्त १ सलग येत नाहीत, म्हणून सिंक चुकत नाही. सीआरसीच्या शेवटी १ आले तर सिंक लांबतो इतकंच. दहा किंवा जास्त १ मोजा, पहिला ० आला की फ्रेम सुरू. ३७ बिट, ०.३७ सेकंद. सतत फिरवत राहा. नोडने लागोपाठ दोन फ्रेम सारख्या आल्यावरच व्हॉल्व्ह हलवायचा, आणि तीन सेकंद एकही धड फ्रेम आली नाही तर व्हॉल्व्ह बंद. हा शेवटचा नियम गाळू नका, मास्टर अडकला तर पाणी वाहत राहील. ज्या नोडची पाळी असेल त्याच्या उत्तराइतका वेळ मास्टरने खाचा थांबवायच्या, पाळीचं ०.५६ तीन सेकंदांच्या आत बसतं.

---

कंडेन्सरकाका

ओलाव्याच्या सेन्सरबद्दल एक. दोन उघड्या सळ्यांचा सेन्सर लावू नका. ओल्या मातीतून आठही नोडची ग्राउंड एकमेकांना हलकेच जोडली जातात आणि सेकंडरी तरंगती ठेवून जे मिळवलं ते जातं. शिवाय सळया गंजतात, आकडा हळूहळू सरकतो. वरून कोट केलेला कपॅसिटिव्ह प्रोब घ्या. कापलेल्या कडांना इपॉक्सी लावा, पाणी तिथूनच शिरतं.

जोडणीआधी केबल दोन्ही टोकांना सोडवून घ्या. लांबच्या टोकाच्या दोन तारा शॉर्ट करून जवळून रेझिस्टन्स मोजा : ३.२ ओहमच्या आसपास हवा. पाच-सहा दाखवला तर मध्ये कुठेतरी जॉइंट हिरवा पडलाय. मग टोक मोकळं करून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) १०० किंवा २५० व्होल्टवर इन्सुलेशन बघा, अर्थात नोड आणि टीव्हीएस लावायच्या आधी. जॉइंट ग्रीस भरलेल्या कनेक्टरमध्येच, टेप गुंडाळून नाही.

---

शून्यपार

काकांना अनुमोदन. सडक्या जॉइंटची खूण डेटातही दिसते : सगळे व्हॉल्व्ह बंद असताना शेवटचा नोड नीट ऐकतो, दोन-तीन उघडले की सीआरसी चुकायला लागतात. नोडमध्ये शेवटच्या शंभर खिडक्यांची (लाइन ५ व्होल्टच्या खाली राहते त्या वेळांची) लांबी साठवा आणि ती ओलाव्याच्या आकड्याबरोबर आळीपाळीने परत पाठवा. खाच नसतानाची खिडकी ०.९२ वरून १.३ च्या पुढे सरकत असेल तर त्या नोडपाशी लाइन १७-१८ व्होल्टपर्यंत बसतेय. आठही नोडचे आकडे शेजारी मांडले की ज्या दोन चेंबरमध्ये एकदम फरक पडतो, त्यांच्या मधला जॉइंट उकरा.